साष्टींतील घर आणि कोटांतील चाकरी

शहरांत पोट आणि शहराबाहेर घर, ही संसाराची रीत मुंबईच्या मध्यम वर्गास आज इतकी अंगवळणी पडली आहे कीं, ती कोणीं केव्हां पाडली हा प्रश्नही सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. सकाळीं घर सोडावें, गाडी गांठावी, दिवसभर कोटांत खर्डेघाशी करावी आणि दिवेलागणीनंतर पुन्हां गाडीनें परतावें, या क्रमास मराठींत नीटसें नांवसुद्धां नाहीं. इंग्रजींतील 'कम्यूट' या शब्दाचा या अर्थाचा उगम पासाच्या सवलतींत आहे. रोजच्या तिकिटांऐवजीं एकरकमी पैसे घेऊन भाड्यांत सूट देणें म्हणजे भाडें 'कम्यूट' करणें. आणि असा पास बाळगणारा तो अमेरिकेंत 'कम्यूटर' ठरला. आमच्या लोकांनीं आगगाडीच्याच परिभाषेंतून 'अप-डाऊन करणें' हा प्रयोग उचलला व त्यावर भागविलें. शब्द असा उसना असला तरी प्रथेचे परिणाम मात्र चांगले घरचे आहेत. तिच्यामुळें साष्टी बेटाचें स्वरूप पालटलें, मराठी कुटुंबाची दिनचर्या पालटली, आणि ज्या खेड्याच्या ओढीनें माणसें शहराबाहेर पडलीं तें खेडेंच नाहींसें झालें. हें कसें घडत गेलें तें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

शहराबाहेर राहण्याची हौस मुंबईंत प्रथम धनिकांची. कोटाच्या तटाआंत दाटी झाली तेव्हां इंग्रज अधिकारी व पारशी-गुजराती शेठ यांनीं माझगांव, भायखळा, परळ या बाजूस बागबंगले बांधले. खुद्द गव्हर्नरचा वाडा परळास होता. दारीं घोडागाडी असणारास तीन-चार मैलांची ये-जा जड नव्हती. पुढें परळच्या आसपास गिरण्यांचीं धुराडीं उभीं राहिलीं. १८८२ सालीं गव्हर्नर फर्ग्युसन यांची पत्नी पटकीच्या विकारानें वारली, आणि त्यानंतर गव्हर्नरांनीं मलबार टेकडीचा आश्रय केला. श्रीमंतांचें स्थलांतर नेहमीं असेंच चालतें. गांव अंगाशीं आलें कीं त्यांस पुढची टेकडी मोकळी असते. कारकुनास घोडागाडी नव्हती व टेकडीही नव्हती. त्यास आगगाडीची वाट पाहावी लागली.

आगगाडी जेथें जावयाची तें साष्टी बेट इंग्रजांनीं १७७४ सालीं मराठ्यांपासून घेतलें व सालबाईच्या तहानें १७८२ सालीं तें त्यांचें कायमचें झालें. मुंबई व साष्टी यांमध्यें खाडी होती. शीवचा बांध एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं पडला. माहीमचा रस्ता १८४५ सालीं खुला झाला, तोही सरकारच्या उदारपणानें नव्हे. जमशेटजी जिजीभाईंच्या पत्नी आवाबाई यांनीं १,५७,००० रुपये दिले, आणि अट एवढीच घातली कीं, जाणाऱ्या-येणाऱ्यांपासून या वाटेवर पैसा घेऊं नये. पलीकडे भातखाचरें, खाऱ्या पाण्यास बांध घालून मिळविलेलीं खाजणें, मिठागरें, ताडामाडांच्या वाड्या आणि कोळी, आगरी, कुणबी, वारली व पोर्तुगीज अमलांत ख्रिस्ती झालेले जुने रहिवासी यांचीं लहान लहान गांवें होतीं. या ख्रिस्ती मंडळींनीं १८८७ सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या सुमारास, 'ईस्ट इंडियन' हें नांव धारण केलें. त्यांचीं शेतें, विहिरी आणि क्रूस हें सारें पुढें येणाऱ्या कथानकांत महत्त्वाचें आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली व १ मे १८५४ रोजीं ती कल्याणपर्यंत पोंचली, ही हकीकत शाळकरी मुलांसही ठाऊक आहे. पण ही वाट कारकुनासाठीं बांधलेली नव्हती. रोंख घाटापलीकडच्या कापसावर होता. वाटेंतील स्टेशनें म्हणजे केवळ प्रसंगवश पडलेले थांबे. या दृष्टीनें पाहतां आमच्या विषयाचा आरंभ १२ एप्रिल १८६७ या तारखेपासून धरला पाहिजे. त्या दिवसापासून बॉम्बे बडोदा कंपनीनें विरार ते बॅकबे अशी रोजची एक गाडी सुरू केली. ती सकाळीं पावणेसातच्या सुमारास विरारहून निघे व सायंकाळीं साडेपांचाच्या सुमारास परत फिरे. या दोन वेळांतच सर्व अर्थ भरला आहे. माल नेणाऱ्या गाडीस असल्या वेळा लागत नाहींत. शेतकरी बाजारास जातो तोही दिवस मावळण्यापूर्वीं परत येऊं पाहतो. कचेरी उघडते केव्हां आणि मिटते केव्हां हें ज्यास पाहावें लागतें अशा माणसासाठीं ही गाडी होती. तशीं माणसें मात्र साष्टींत अजून थोडीं होतीं.

त्यांस तेथें नेलें तें हवेच्या आवडीनें नव्हे, तर मृत्यूच्या भयानें. सप्टेंबर १८९६ त मांडवीच्या वस्तींत डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगश यांनीं ग्रंथिज्वराचें निदान केलें, आणि पुढील कांहीं महिन्यांत शहर अक्षरशः ओस पडूं लागलें. १८९१ च्या खानेसुमारींत मुंबईची वस्ती सुमारें ८ लक्ष २१ हजार होती. १९०१ त ती ७ लक्ष ७६ हजार भरली. ज्यांस गांवीं जमीन होती ते कोंकणांत व देशावर निघून गेले. ज्यांस जागा सोडावयाची होती पण जागेवरील नोकरी सोडावयाची नव्हती, त्यांची अडचण निराळी. त्यांनीं रुळांची कांस धरली. स्टेशनापासून पायीं जातां येईल अशा अंतरावर झावळ्यांच्या झोपड्या, भाड्याच्या खोल्या, ओळखीच्या ख्रिस्ती शेतकऱ्याच्या घराची पडवी, जें मिळेल तें घेऊन मंडळी राहूं लागलीं व सकाळच्या गाडीनें मुंबईस जाऊं लागलीं. कित्येकांनीं साथ ओसरल्यावरही परत जाण्याचा विचार सोडून दिला. प्लेग मात्र त्यांच्या मागोमाग त्याच गाडीनें येण्यास चुकला नाहीं. वांद्र्याच्या गल्लीबोळांत त्या काळीं ईस्ट इंडियन लोकांनीं उभारलेले क्रूस आजही दिसतात; साथ टळावी म्हणून बोललेले ते नवस आहेत. मुंबईच्या उपनगरांचा पाया कोणीं घातला असें विचारल्यास आगगाडीच्या कंपनीबरोबर उंदराच्या पिसवेचेंही नांव घ्यावें लागेल.

सरकारासही जाग आली, आणि १८९८ सालीं सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टनें जुन्या दाट वस्त्यांतून प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते काढले, आणि उत्तरेस दादर-माटुंग्याकडील शेतजमीन घेऊन तिचे आंखीव तुकडे पाडले. हिंदु कॉलनी व पारशी कॉलनी त्यांवर उभ्या राहिल्या. गिरगांवच्या चाळींतील दोन खोल्या सोडून जो माणूस दादरास गेला, त्यास नातेवाईक 'रानांत गेला' म्हणत. आज दादर स्टेशनाच्या पुलावरून चालणारास ही थट्टा खरी वाटणार नाहीं.

दादरही पुढें अपुरें पडलें. पहिल्या महायुद्धाच्या काळांत भाडीं इतकीं चढलीं कीं, १९१८ सालीं सरकारास भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. याच सुमारास सहकारी गृहसंस्थांचा मार्ग निघाला. रावबहादुर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकारानें १९१५ सालीं गांवदेवीस सारस्वत मंडळींची सहकारी गृहसंस्था नोंदली गेली. १९१८ त वांद्र्यास साष्टीच्या कॅथलिकांची संस्था निघाली. पुढें खार, सांताक्रूझ, पार्लें, अंधेरी, जोगेश्वरी येथें असल्या वसाहतींची मालिकाच लागली. १९२० सालीं दक्षिण साष्टी ठाणें जिल्ह्यांतून काढून तिचा मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा करण्यांत आला. या संस्थांनीं सामान्य पगारदारास स्वतःचें घर दिलें, आणि तेंही कोणा सावकाराच्या दाराशीं न जातां. हें श्रेय त्यांस दिलेंच पाहिजे. परंतु एक गोष्ट नजरेआड करितां येत नाहीं. मुंबईच्या रस्त्यावर व आगगाडीच्या डब्यांत जातिभेद ढिला होत असतां, वसाहतीच्या नोंदणीपुस्तकांत तो नव्यानें घट्ट झाला. सहकाराचें तत्त्व सर्वांचें, पण भूखंड स्वजातीयांचा, अशी ही तडजोड होती. आणि घर भाड्यानें देतांना आडनांव विचारण्याची जी चाल मुंबईंत अद्याप शिल्लक आहे, तिची एक मुळी येथें सांपडते.

त्या काळच्या सुशिक्षितांसमोर उद्यान-नगराचा आदर्शही होता. एबेनेझर हॉवर्ड या इंग्रज लघुलेखकानें १८९८ सालीं आपली कल्पना पुस्तकरूपानें मांडली व १९०३ त लेचवर्थ येथें तिचा प्रयोग सुरू झाला. पॅट्रिक गेडिस १९१४ त हिंदुस्थानांत आले व १९१९ पासून १९२४ पर्यंत मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचे अध्यापक होते. मुंबई इलाख्याचा नगररचनेचा कायदा १९१५ चा. शब्द अशा रीतीनें सर्व आले. पण हॉवर्डच्या योजनेचें मर्म मागें राहिलें. त्याच्या उद्यान-नगरांत घराबरोबर कारखाना, कचेरी व शेतीही त्याच गांवीं असावयाची होती. माणसानें रोज लंडनास धांवावें हें त्यास अभिप्रेत नव्हतें. आम्हीं घर तेवढें बागेंत नेलें आणि काम होतें तेथेंच ठेवलें. अर्थात् हा दोष एकट्या मुंबईचा नव्हे. लंडनच्या मेट्रोपॉलिटन रेल्वेनें तर १९१५ पासून आपल्या रुळांकांठच्या खेड्यांची 'मेट्रोलँड' या नांवानें जाहिरात चालविली होती.

या सर्व हालचालींत गिरणीकामगार कोठें होता, असा प्रश्न येथें सहजच उत्पन्न होतो. तो होता तेथेंच होता. पहांटेच्या भोंग्यास हजर राहावयाचें म्हणजे गिरणीच्या हांकेवर राहिलेंच पाहिजे, आणि पासाचा पैसा त्याच्या मजुरींत बसणारा नव्हता. १९२० नंतर सरकारच्या डेव्हलपमेंट खात्यानें वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी येथें त्याच्यासाठीं २०७ चाळी बांधल्या. तेथेंही एका खोलींत एक कुटुंब. त्याचेंही एक 'खेड्यांतील घर' होतेंच, पण तें रत्नागिरी किंवा सातारा जिल्ह्यांत, आणि त्याची गाडी वा बोट वर्षांतून एकदां-दोनदां. बायको-मुलें त्या घरीं राहत व हा मनिऑर्डर धाडी. कारकुनाचा विरह दहा-बारा तासांचा, गिरणीकामगाराचा दहा-अकरा महिन्यांचा. उपनगराची मोकळी हवा कोणाच्या वांट्यास आली हें ठरविणारी गोष्ट पगाराइतकीच कामाची वेळ ही होती.

३ फेब्रुवारी १९२५ रोजीं व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यापर्यंत, हार्बरच्या मार्गानें, विजेची पहिली गाडी धांवली. पश्चिमेच्या मार्गावर ५ जानेवारी १९२८ पासून कुलाबा ते बोरिवली अशी वीज खेळूं लागली, व १९३६ त ती विरारास पोंचली. विजेच्या गाडीस थांबण्यास व सुटण्यास वेळ लागत नाहीं. म्हणून स्टेशनें जवळजवळ घालतां येतात व गाड्या एकीमागून एक सोडतां येतात. उपनगर दाट होण्याचें यांत्रिक कारण हेंच. या विजेच्या प्रकाशांत एक छाया मात्र पाहून ठेवावी. मुंबईस वीज पुरविण्यासाठीं टाटा कंपनीनें मुळशी पेट्यांत जें धरण घातलें, त्याच्या पाण्याखालीं मावळ्यांचीं गांवें गेलीं. १९२१ सालीं तेथें सत्याग्रह झाला व सेनापति बापटांनीं त्यांत तुरुंगवास पत्करला. शहरास उजेड व वेग हवा होता, आणि त्यासाठीं ज्यांचीं घरें बुडालीं त्यांस तो उजेड मिळावयाचा नव्हता. गंमत अशी कीं, ज्या मावळांतून हीं माणसें उठलीं त्याच बाजूचे लोक मुंबईंत कारकुनाचा जेवणाचा डबा घरून कचेरींत पोंचवीत होते. ही डबेवाल्यांची संस्था महादेव हावजी बच्चे यांनीं १८९० च्या सुमारास चालू केली असें सांगतात. स्वयंपाकघर आणि कचेरी यांमधील अंतर वाढत गेलें तसतशी तिची भरभराट झाली. बाबू घरासाठीं खेड्याकडे निघाला, आणि खेडूत त्याची भाकरी वाहण्यासाठीं शहरांत आला.

वेळेचा हिशेबही या जीवनानें नवा केला. त्यांत मुंबईची एक खास गुंतागुंत होती. १ जानेवारी १९०६ पासून सर्व देशास एकच प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबईच्या नगरपालिकेनें आपला स्थानिक 'मुंबई टाइम' सोडला नाहीं. हा वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटें मागें असे, आणि तो थेट १९५५ पर्यंत शहराच्या व्यवहारांत टिकून होता. आगगाडी एका घड्याळानें चालणार, शहर दुसऱ्या. पासवाल्यास दोहोंची वजाबाकी तोंडपाठ ठेवणें भाग. पण घड्याळ कोणतेंही असो, मिनिटाचा हिशेब करण्याची संवय याच माणसानें मराठी समाजास लाविली. सूर्य किती वर आला यावरून ज्याचा आजा शेतावर जाण्याची वेळ ठरवी, तो नातू 'आठ तेहेतिसाची' आणि 'आठ एकेचाळिसाची' यांत घराण्यांसारखा भेद करूं लागला. त्या गाडीचा डबा, त्यांतील ठरलेली जागा, ठरलेले सोबती, पत्त्यांचा डाव, भजनाची टाळी, यांतून एक नवीनच शेजार निर्माण झाला. पुष्कळांस घराशेजारच्या माणसापेक्षां डब्यांतील माणूस अधिक जवळचा वाटूं लागला.

घरीं राहणाऱ्या स्त्रीचा दिवस मात्र लांबला. चाळींत दार उघडें टाकलें कीं दहा जणी बोलावयास असत. बंगलीभोंवतीं झाडें आलीं तीं माणसें हटवून आलीं. बाजार दूर, दवाखाना दूर, पावसाळ्यांत स्टेशनापर्यंत चिखल, आणि घरचा पुरुष सकाळीं आठास गेला तो रात्रीं आठास येणार. ही उणीव भरून काढण्याची धडपड म्हणजेच उपनगरांतील संस्थांचा इतिहास होय. पार्ल्यास ९ जून १९२१ रोजीं टिळक विद्यालय निघालें व १९२३ सालीं लोकमान्य सेवा संघ स्थापन झाला. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहांत याच पार्ल्यास जमनालाल बजाज यांची छावणी पडली होती, आणि केवळ निजण्यापुरतें गांव म्हणून ज्याकडे पाहिलें जाई तें गांव कांहीं काळ चळवळीचें ठाणें झालें. पु. ल. देशपांडे यांचें बालपण जोगेश्वरीच्या सारस्वत कॉलनींत व पार्ल्यास गेलें, आणि ते या टिळक विद्यालयाचेच विद्यार्थी. तरी त्यांनीं अजरामर केली ती 'बटाट्याची चाळ'. उपनगराच्या मुलासही विनोदासाठीं गिरगांवांतच परतावें लागलें, यावरून शेजाराचें मोल कळतें. स्त्रियांच्या बाबतींत पुढें काळच फिरला: त्या स्वतःच कचेऱ्यांत जाऊं लागल्या, आणि ५ मे १९९२ रोजीं चर्चगेटहून बोरिवलीस केवळ स्त्रियांसाठीं स्वतंत्र गाडी सुटली. त्या गाडींत परतीच्या वाटेवर भाजी निवडणाऱ्या बायकांनीं घर आणि गाडी यांतील सीमारेषाच पुसून टाकली.

पुण्याची गोष्ट थोडक्यांत सांगावयाची. १ जून १९३० रोजीं सुरू झालेली 'दख्खनची राणी' पुण्या-मुंबईचें अंतर पावणेतीन तासांत तोडूं लागली. आरंभीं ती साहेबलोकांच्या व शर्यतवाल्यांच्या सोईची, आठवड्याअखेरची गाडी होती. तिसऱ्या वर्गाचा उतारू तींत १९५५ सालीं प्रथम बसला. तीच पुढें रोज पुण्याहून मुंबईस कामाला जाणाऱ्या पासवाल्यांची गाडी झाली. जें विरारकरास शक्य झालें तें घाट ओलांडूनही शक्य आहे असें यामुळें दिसलें. तें इष्ट आहे कीं नाहीं याचा निर्णय ज्याचा त्यानें आपल्या झोंपेच्या हिशेबावरून करावा.

आतां त्या खेड्यांकडे वळूं. खाचरें विकलीं गेलीं, कांहीं सक्तीनें घेतलीं गेलीं, खाजणांत भराव पडला. मूळ गांवें 'गांवठाण' या नांवानें नकाशावर ठिपक्यांसारखीं उरलीं. नगरपालिकेची हद्द १९५० सालीं व पुन्हां १९५७ सालीं वाढली आणि दहिसर-मुलुंडपर्यंत सर्व साष्टी बृहन्मुंबईंत आली. ज्या ईस्ट इंडियन कुटुंबानें प्लेगच्या वर्षीं पडवी दिली, त्याचे वंशज आज आपल्याच गल्लींत अल्पसंख्य आहेत. पाण्याची वाट बुजविल्याचा जाब पाण्यानें २६ जुलै २००५ रोजीं विचारला. सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि मिठी नदी वसाहतींतून वाहिली. दरम्यान मूळ शहर आकसत गेलें. २०११ च्या खानेसुमारींत मुंबई शहर जिल्ह्यांत सुमारें ३० लक्ष ८५ हजार माणसें भरलीं, आणि उपनगर जिल्ह्यांत ९३ लक्ष ५७ हजार. मोकळी हवा शोधणारा आतां डोंबिवली, बदलापूर, वसई, विरार यांच्याही पलीकडे गेला आहे. दाराशीं लोंबकळत जाणाऱ्या या गर्दीची किंमत लहान नाहीं: साथीचीं वर्षें वगळतां, गेल्या दहा-बारा वर्षांत मुंबईच्या उपनगरी रुळांवर दर वर्षीं दोन हजारांहून अधिक माणसें मेलीं आहेत. प्लेगचे आंकडे वाचतांना ज्या मनास धक्का बसतो, तें मन हा आंकडा वर्तमानपत्राच्या आंतल्या पानांत सोडून देतें, याचें आम्हांस नवल वाटतें.

१८९६ च्या साथींत ही गाडी पळून जाणारांचें साधन झाली होती. २०२० च्या साथींत ती स्वतःच थांबली. २२ मार्च २०२० च्या रात्रीं उपनगरी वाहतूक बंद झाली, १५ जूनपासून ती केवळ आवश्यक सेवांतील लोकांपुरती सुरू झाली, आणि सर्वसामान्य उतारूस १ फेब्रुवारी २०२१ रोजीं पुन्हां डब्यांत पाऊल ठेवतां आलें. पण परवानगी होती ती पहिल्या गाडीपासून सकाळीं सातपर्यंत, दुपारीं बारा ते चार, आणि रात्रीं नवानंतर. कचेरीस जाण्याची व कचेरींतून येण्याची वेळ, जिच्यासाठीं १८६७ सालीं विरारची ती एक गाडी सोडण्यांत आली होती, तेवढी वगळलेली होती.